चौदा मिलिमीटर

"बसतील हो, डोळे झाकून घ्या," असं सांगून एकाने मला अलॉयचा वापरलेला सेट विकला आणि मी खरोखरच डोळे झाकून तो घेतला. तो खोटं बोलला असं म्हणता येत नाही. चाकं हबवर (गाडीच्या ज्या भागाला चाक बोल्टने आवळतात, त्यावर) बसली, पाचही बोल्ट आवळले गेले, गाडी जॅकवरून खाली आली. मग पहिल्याच गतिरोधकावर मागून, डाव्या बाजूने, खर्रकन आवाज आला. 'बसतं' या शब्दाचा भरवसा किती धरायचा ते तेव्हा कळलं.

माझी गाडी सातव्या पिढीची गोल्फ जीटीआय, परफॉर्मन्स पॅकवाली. कंपनीची चाकं १८ इंची, साडेसात इंच रुंद, ऑफसेट ४९, त्यावर २२५/४० चे टायर, म्हणजे २२५ मिमी रुंद आणि बाजूची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के. चाकांत खोट काहीच नव्हती. पण गाडीच्या मागे उभं राहून बघितलं की ती मडगार्डच्या आत अंग चोरून बसल्यासारखी दिसायची. 'जड आहेत, हलकी घेतली की गाडी चपळ होईल' हे कारण मी नंतर शोधलं, घरच्यांना सांगायला. खरं कारण दिसण्याचंच होतं.

पहिला सेट म्हणजे १८ इंच, साडेआठ इंच रुंदी, ऑफसेट ३५. पीसीडी ५×११२, म्हणजे पाच बोल्ट ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर, माझ्या गाडीसारखेच. हा एक आकडा जुळला आणि मी पुढे काही बघितलंच नाही. एक इंच जास्त रुंद म्हणजे चाक आत अर्धा इंच आणि बाहेर अर्धा इंच सरकेल, एवढीच माझी समज.

ऑफसेट म्हणजे काय हे मला तेव्हा पाठ होतं, समजलेलं नव्हतं. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. चाकावर 'ईटी' असं कोरलेलं असतं, ते 'आइनप्रेसटीफ' या जर्मन शब्दाचं लघुरूप. आकडा मोठा असेल तर चाक आत जातं, लहान असेल तर बाहेर येतं. आता हिशेब बघा. साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिमी, त्याचं अर्धं ९५.२५. त्यातून ४९ वजा केले की हबपासून रिमची बाहेरची कड ४६ मिमीवर येते, आणि ४९ मिळवले की आतली कड १४४ वर. नव्या चाकाची रुंदी २१५.९, अर्धी १०८. त्यातून ३५ वजा केले तर ७३, मिळवले तर १४३. म्हणजे चाक आतल्या बाजूला जवळपास जागचं हललं नाही आणि बाहेर मात्र सत्तावीस मिलिमीटर आलं! (रिमची रुंदी टायर बसतो त्या दोन कडांमध्ये मोजतात, ओठ धरून नाही. पण दोन्ही चाकांची तुलना करताना ओठ सारखेच धरले तर चालतं.) ही बेरीज-वजाबाकी सहावीतलं पोर करेल. मी ती केली टायर घासल्यावर.

घासणं कमी म्हणून की काय, शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीला काही नाही, शंभरला थरथर, सव्वाशेला पुन्हा कमी. बॅलन्सिंग करून घेतलं, फरक नाही. दुसरीकडे करून घेतलं, तरी नाही. तिथल्या काकांनी मशीनवर चाक फिरवून दाखवलं, एकदम सरळ. मग त्यांनीच विचारलं, "मधलं भोक केवढं आहे?"

माझ्या गाडीच्या हबवर मध्ये जो गोल उंचवटा असतो त्याचा व्यास ५७.१ मिमी. चाकाचं मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, होतं ६६.६. साडेनऊ मिलिमीटरचा फरक. बाजारात मिळणारी बरीच चाकं मुद्दाम मोठ्या भोकाची बनवतात, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली फट भरायला हब रिंग घालायची असते. माझ्या सेटबरोबर रिंगा आल्याच नव्हत्या आणि मी मागितल्याही नव्हत्या. चाक हबच्या उंचवट्यावर न टेकता बोल्ट जिकडे ओढतील तिकडे बसलं होतं, म्हणजे मध्यापासून किंचित सरकलेलं. या टायरचा परीघ साधारण दोन मीटर आहे. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं, आणि त्या प्रत्येक फेरीला एक हिसका. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात, म्हणून तिथे ते निर्दोषच दिसणार.

रिंगांबद्दल एक गैरसमज मला होता, बऱ्याच जणांना असतो. गाडीचं वजन त्या रिंगवर पेललं जात नाही. बोल्ट चाकाला हबवर इतकं घट्ट दाबून धरतात की त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षणच सगळा भार उचलतं. रिंगचं काम चाक आवळताना मध्यावर आणणं, इतकंच. म्हणून प्लास्टिकची रिंगसुद्धा चालते, फक्त ट्रॅकवर ब्रेक फार तापवणार असाल तर ती वितळू शकते.

तिसरी गोष्ट सापडली ती मात्र बघून पोटात गोळा आला. रिंगा घालायला चाक काढलं तेव्हा सहज एक बोल्ट उजेडात धरला. फोक्सवागनचे मूळ बोल्ट चाकाला जिथे टेकतात तो भाग गोल असतो, अर्ध्या चेंडूसारखा. बाजारातल्या चाकांत ती बैठक बहुतेक वेळा शंकूची असते, ६० अंशांची. गोल बूड शंकूत टाकलं तर ते पूर्ण टेकतच नाही, एका बारीक वर्तुळावर टेकतं. माझ्या बोल्टवर ते वर्तुळ दिसत होतं. काळपट धातूवर केसाएवढी चकचकीत रेघ, गोल फिरलेली. पूर्ण बैठकीऐवजी एवढ्याशा रेघेवर एकेक बोल्ट टेकलेला होता. त्यांतले दोन हाताने जरा जोर लावताच सुटले. मी त्या चाकांवर तीन आठवडे हायवेवर गाडी चालवली होती. टायर घासतो तेव्हा निदान आवाज तरी येतो. चुकीच्या बैठकीचा बोल्ट चूपचाप सैल होत राहतो.

शंकूचे बोल्ट आणले, रिंगा आणल्या. थरथर गेली. घासणं राहिलं, आणि आणखी एक गोष्ट राहिली जी मला नीट सांगता येत नव्हती. गाडी पूर्वीसारखी वागत नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं, रस्त्यावर ट्रकांनी पाडलेले चर आले की गाडी त्यांच्या मागे जायची. "रुंद टायरने होतं असं," एक मित्र म्हणाला. पण टायर तेच होते, जुन्या चाकांवरचेच काढून चढवलेले.

फरक ऑफसेटचा होता. पुढचं चाक वळतं ते एका कललेल्या अक्षाभोवती. तो अक्ष खाली वाढवला तर जिथे जमिनीला टेकतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. इंजिनाची ओढ, ब्रेकची ओढ, खड्ड्याचा धक्का हे सगळं या अंतराच्या तरफेने स्टिअरिंगपर्यंत पोचतं. गाडी बनवणारे या अंतरावर बारकाईने काम करतात. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ते मुद्दाम ऋण ठेवलं होतं (अक्ष टायरच्या मध्याच्या बाहेर टेकतो असं), म्हणजे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी स्टिअरिंग आपोआप गाडी सरळ ठेवायला मदत करेल. ४९ चा ऑफसेट ३५ केला की टायरचा मध्य दोन्ही बाजूंना चौदा मिलिमीटर बाहेर जातो. ज्या अंतरात अभियंते मिलिमीटरचा कीस काढतात तिथे मी दिसण्यापायी चौदा ओतले होते. रुंदीने एवढा घोळ झाला नसता. रिम रुंद केलं आणि ऑफसेट तोच ठेवला तर टायरचा मध्य जागचा हलत नाही.

मग ठरवलं, आता आधी मोजायचं. जुनी चाकं परत चढवली आणि एक अख्खा रविवार गाडीखाली घालवला.

बाहेरच्या बाजूसाठी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. मडगार्डच्या कडेवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर, तो खाली सोडायचा आणि टायरचा फुगलेला भाग दोऱ्यापासून किती आत आहे ते मोजायचं. गाडी सपाट जमिनीवर हवी आणि मोजण्याआधी थोडी पुढेमागे करून सस्पेन्शन मोकळं करून घ्यायला हवं, नाहीतर जॅकवरून उतरवलेली चाकं तिरपी राहतात. मागचं डावं चाक निघालं १६ मिमी आत. उजवं २०. वाटलं, मोजण्यात चुकलं. तीनदा मोजलं, तेच. गाडी डावी-उजवी अगदी सारखी नसते, काही मिलिमीटरचा फरक असतोच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सेटवर टायर ऑफसेटमुळे चौदा मिमी बाहेर आला होता. शिवाय रिम रुंद झाल्यामुळे टायरही फाकतो, दर अर्ध्या इंचाला साधारण पाच मिमी. इंचभराला दहा, त्यातले बाहेरच्या बाजूला पाच. एकूण एकोणीस. सोळातून एकोणीस गेले तर डावं चाक तीन मिमी बाहेर, उजवं मात्र एक मिमी आत. डावीकडूनच आवाज का येत होता ते त्या दोऱ्याने सांगितलं.

आतल्या बाजूला पुढे स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांब. इथे मी एक वेडेपणा करणार होते. स्ट्रटला लहान मुलांची खेळायची क्ले चिकटवायची, स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवायचं आणि क्ले किती चेपली ते बघायचं, असा बेत होता. पण मॅकफर्सन स्ट्रट चाकाबरोबरच वळतो, त्यामुळे स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ती फट तेवढीच राहते. तिथे ॲलन की (षटकोनी सळीचे पाने) घालून बघितल्या, ८ मिमीची सहज गेली, १० ची अडकत गेली. क्ले लावायची ती मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला, पुढे आणि मागे, कारण वळताना टायरची कड तिथे जाते. मागच्या मडगार्डच्या कडेखालीही एक गोळा लावला आणि मागच्या सीटवर तीन धडधाकट माणसं बसवून गतिरोधकावरून फेरी मारली. एकट्याने चालवताना न घासणारं चाक प्रवासाला निघालं की घासतं, ते यामुळेच.

आकडे हातात आल्यावर निवड आपोआप आखडत गेली. साडेआठ इंच, ऑफसेट ४५ हा पर्याय बरेच जण सुचवत होते. त्याचं रिम आत पावणेनऊ मिमी जातं. टायर आतल्या बाजूला किती सरकेल? ऑफसेटचे चार उलट दिशेला, फुगण्याचे पाच मिळून एकच. टायर वाचतो, पण रिमची कड स्ट्रटच्या जवळ जाते. बसलं असतं. मला मात्र पावसात चिखल आणि खडे अडकायला जागा ठेवायची नव्हती. आठ इंच, ऑफसेट ४५ घेतलं तर रिम आत सव्वादोन मिमी, बाहेर दहा. टायर बाहेरच्या बाजूला साडेसहा. मागे डावीकडे साडेनऊ मिमी उरतात. आणि टायरचा मध्य चारच मिमी सरकतो.

टायर बदलायचाही मोह होता. "२३५/४० टाक, भरलेला दिसेल," मित्र म्हणाला. पण त्याने चाकाचा व्यास ८ मिमी वाढतो, सव्वा टक्का. स्पीडोमीटर तेवढा मागे पडतो, आणि मुख्य म्हणजे मडगार्डपर्यंतची चार मिमी जागा वरून खाल्ली जाते. शिवाय २२५/४० आर १८ या टायरची रुंदी ज्या रिमवर मोजून ठरवतात ते रिम आठ इंचांचंच असतं. टायर त्याच्या हक्काच्या जागी बसतो. यापलीकडे मला कारण नको होतं.

आता ब्रेक. आकडे जुळूनही चाक बसत नाही ते इथे. पुढची डिस्क ३४० मिमीची, कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा भाग, तिच्यापेक्षा बाहेर आलेला. आजकाल लोकांना स्पोक आत वाकलेली चाकं आवडतात, खोलगट, बशीसारखी. ती खोली येते कॅलिपरच्या जागेतूनच. एकाच रुंदीच्या, एकाच ऑफसेटच्या दोन डिझाइनांत एक कॅलिपरला चाटतं आणि दुसऱ्यात बोट जातं, कारण फरक स्पोकच्या वळणात असतो आणि ते वळण कुठल्याच आकड्यात दिसत नाही. चाक बनवणारे मोठ्या ब्रेकसाठी कागदी साचा देतात, तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि हबवर धरून बघायचा. मला आवडलेलं पहिलं डिझाइन इथेच गेलं. पुठ्ठा कॅलिपरच्या कोपऱ्याला अडला. दुसऱ्या डिझाइनला पाच मिमीची फट राहिली. तापलेला ब्रेक आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं धरून एवढी तरी हवी.

पीसीडी पुन्हा एकदा मोजला, आता कुठल्याच आकड्यावर विश्वास राहिला नव्हता म्हणून. पाच बोल्टच्या चाकात समोरासमोर बोल्ट नसतात, त्यामुळे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७ ने गुणायचं. ११२ ला ते ६५.८ येतं. आणि ५×११४.३, म्हणजे जपानी गाड्यांत भरपूर सापडणारं साडेचार इंचांचं माप, त्याला ६७.२. दीड मिलिमीटरसुद्धा फरक नाही! नुसत्या टेपने मोजलं तर हमखास चूक होणार, आणि चुकीचं चाक बोल्टच्या ढिलाईने अर्धवट आवळलंही जाणार. व्हर्नियर हवाच.

कुठल्या पद्धतीने बनवलेलं चाक घ्यायचं यावर मी फार वेळ घालवला नाही. ओतीव स्वस्त पण जड, फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) सगळ्यांत मजबूत पण खिशाला जड. मधली वाट फ्लो फॉर्मिंगची. त्यात मधला भाग ओतलेला असतो आणि रिमचा भाग गरम असताना फिरवत रोलरने दाबून पातळ आणि घट्ट करतात. मी तेच घेतलं. पण मागच्या बाजूला कोरलेला कमाल भाराचा आकडा बघितल्याशिवाय नाही. कंपनीने गाडीला लावलेल्या माहितीच्या प्लेटवर पुढच्या ॲक्सलचा कमाल भार दिलेला असतो, त्याच्या निम्म्याहून चाकाचा आकडा जास्त हवा. माझ्या नव्या चाकावर ६९० किलो होतं, भरपूर. पहिल्या सेटवर हा आकडाच नव्हता, जेडब्ल्यूएलचा, म्हणजे अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा, शिक्काही नव्हता. ते कुठल्यातरी नामांकित डिझाइनची नक्कल होतं हे मला तेव्हा उमगलं.

सेंटर बोअर ऑर्डर देतानाच ५७.१ करून मागितला. चाकं येताच वजनकाट्यावर ठेवली. जुनं ११.८ किलो, नवं ९.१. चार मिळून जवळपास अकरा किलो, तेही स्प्रिंगच्या खालचं वजन.

चढवताना हबचा चेहरा आधी तारेच्या ब्रशने घासला. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर सगळं मोजमाप फुकट. या गाडीला स्टड नसतात, बोल्ट असतात, त्यामुळे चाक एका हाताने धरून दुसऱ्याने भोक शोधत बसावं लागतं. इथे घट्ट बसणारं मधलं भोक काय चीज आहे ते कळलं. चाक उंचवट्यावर टक्कन बसलं आणि हात सोडला तरी तिथेच राहिलं. बोल्ट हाताने आत घालून फेरे मोजले, आठ भरले. मग चाक हवेतच असताना एकाआड एक असे ताऱ्याच्या आकारात हलके आवळले, आणि गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन मीटर. आट्यांना तेल लावलं नाही, कारण तेल लावलं की त्याच १२० ला बोल्ट प्रत्यक्षात फार जास्त ताणला जातो. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा रेंच लावला. एक बोल्ट किंचित फिरला, बाकी जागच्या जागी.

मागे उभं राहून बघितलं तर चाकं मडगार्डच्या कडेशी अगदी समपातळीत नाहीत. डावीकडे साधारण बोटभर आत, उजवीकडे त्याहून जरा जास्त. आधी जे हवं होतं तसं दिसत नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये दाबलं की स्टिअरिंग हातात शांत राहतं, आणि तिघं मागे बसवून गतिरोधक घेतला तर क्लेच्या गोळ्यावर नखाचासुद्धा ठसा उमटत नाही.

पहिला सेट मी विकायला काढला. जाहिरातीत रुंदी, ऑफसेट, पीसीडी, बोअर, बोल्टच्या बैठकीचा प्रकार आणि 'भाराचा शिक्का नाही' हे सगळं लिहिलं. त्याच संध्याकाळी एकाचा फोन आला. गाडी कुठली ते त्याने सांगितलं आणि विचारलं, "बसतील ना?" मी म्हटलं, "घरात व्हर्नियर आहे का?" त्याने फोन ठेवला. चाकं अजून माझ्याकडेच आहेत.